उजव्या हाताचं घड्याळ

आमच्या गावात घड्याळं घरोघरी होती, पण वेळ कोणाकडेच नव्हती. औषधांच्या दुकानातलं घड्याळ पुढे असायचं, कारण मालकाला लवकर घरी जायचं असे. नगरपालिकेतलं मागे असायचं, कारण तिथल्या मंडळींना उशिरा यायचं असे. माझ्या घरचं घड्याळ बायकोच्या ताब्यात होतं आणि ती म्हणेल ती वेळ ते मुकाट्याने दाखवायचं. मी तरी दुसरं काय करत होतो?

याचा खरा जाच होता तो बाईंना. शाळेतून निवृत्त झाल्यावर पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत बाई दुपारी चार वाजता आम्हा म्हाताऱ्यांचा वर्ग घ्यायच्या. मी जन्मभर गवंडीकाम केलं. गावातल्या निम्म्या भिंती माझ्या हातच्या आहेत, पण त्या भिंतींवर काय लिहिलेलं असतं हे मला साठी उलटल्यावर बाईंनी शिकवलं. 'येथे कचरा टाकू नये' हे मी पहिल्यांदा वाचलं ते मीच बांधलेल्या भिंतीवर. त्या दिवशी मला वाचनाचा आणि भिंतीचा, दोन्हींचा अभिमान वाटला. खाली कचरा होता, पण त्याला माझा इलाज नव्हता.

तर वर्ग चारचा. कोणी तीनलाच येऊन उंबऱ्यावर डुलकी काढी, कोणी पाचला धापा टाकत येई, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगे की आपणच वेळेवर आलो. बाई 'क' गिरवायला सांगायच्या तेव्हा निम्मा वर्ग 'ज्ञ' संपवून घरी निघालेला असायचा. एक दिवस त्यांनी खडू खाली ठेवला.

"तुमचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "गावाला मिळून एक घड्याळ नाही, तिथे तुम्ही तरी काय करणार? मी जायच्या आधी चौकात एक घड्याळ लागलेलं दिसलं तर बरं होईल."

बाई जाणार होत्या. गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, आणि लेक दुसऱ्या गावाहून कायमचं बोलावत होती. सुगीनंतर नेईन म्हणाली होती.

माझ्या तोंडून निघून गेलं, "लावू की!"

हा 'की' मला फार महागात पडला. पण तो शब्द मी वर्गात, बाईंच्या समोर, हात वर करून बोललो होतो. तसं बोललेलं मागे घेता येत नाही.

आमच्या गावात एक सेवा मंडळ आहे. मंडळाची बैठक औषधवाल्यांच्या दुकानावरच्या खोलीत भरते, कारण ते अध्यक्ष आहेत. आणि ते अध्यक्ष आहेत, कारण खोली त्यांची आहे. बैठकीत मी घड्याळाचा विषय काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या की समजावं, काम आपल्याच गळ्यात पडलं.

"मिस्त्री, तुम्हीच घड्याळ समितीचे प्रमुख," अध्यक्ष म्हणाले. "बांधकामाचा अनुभव आहे तुम्हाला."

"घड्याळ बांधत नाहीत हो."

"खांब तर बांधाल?"

खांब मी बांधला. तो आजही ओळंब्यात सरळ आहे, एवढंच नम्रपणे नमूद करतो. खरी अडचण घड्याळाच्या यंत्राची होती. चौकात मदतपेटी ठेवली, तिच्यात मुख्यतः बटणं निघाली. तेव्हा अध्यक्षांना युक्ती सुचली: तास विकायचे. घड्याळावर आकड्यांच्या जागी देणगीदारांची नावं लिहायची. ज्याने एकचा तास घेतला त्याचं नाव एकच्या जागी.

"म्हणजे एक वाजता गाव माझ्याकडे बघणार?" सोनार म्हणाला आणि त्याने तिथल्या तिथे एकचा तास घेतला. हेच मी दहा वेळा समजावून सांगितलं असतं तर त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं असतं.

मी परवानगीसाठी नगरपालिकेत गेलो. तिथल्या साहेबांनी माझा अर्ज वाचला, उलटा करून कोरी बाजू वाचली आणि चष्मा काढला.

"आजोबा, याच्यावर आकडे नाहीत. मग हे घड्याळ आहे कशावरून?"

आजोबा! माझे केस पिकलेत हे मान्य, पण साहेबांच्या डोक्यावर पिकायलाही काही उरलेलं नव्हतं.

"काटे आहेत ना," मी म्हणालो.

"काटे बाभळीलाही असतात." साहेब स्वतःच्या विनोदावर हसले. त्यांचा शिपाईही हसला. मी हसलो नाही, म्हणून मला आणखी दोन हेलपाटे पडले. अखेर ठरलं ते असं: माणसाचं नाव चालणार नाही, कारण तो प्रचार. दुकानाचं नाव चालणार नाही, कारण ती जाहिरात. नुसता पेशा लिहिला तर चालेल. आणि एकदा मंजूर झालेल्या घड्याळात कानामात्रेचाही बदल करायचा झाला तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून.

नुसता पेशा म्हटल्यावर गावातल्या दोन्ही शिंप्यांनी एकेक तास घेतला, एकाने दोनचा, दुसऱ्याने दहाचा. दोघांच्या नावाने नुसतं 'शिंपी' असंच लिहिलं जाणार होतं. "पण दोनचा मी, हे लक्षात ठेवा," पहिला मला रोज बजावायचा. "दहाचा मी," दुसरा.

इथवर ठीक चाललं होतं. मग निवृत्त पोस्टमास्तरांनी लक्ष घातलं. आमच्या शेजारी राहतात. त्यांना कोणी सल्ला विचारत नाही, म्हणून ते तो घरपोच देतात.

"मिस्त्री, बारा कोण घेणार?" ते कुंपणावरून म्हणाले. "घेतला की लोक म्हणणार, याचे बारा वाजले. तीन घेतला की तीन तेरा. पाच घेतला की पाचावर धारण बसली. सात घेतला की साडेसाती. तुम्ही लोकांना देणगी मागताय की शिव्या देताय?"

ते एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. पण त्यांनी हेच चहाच्या टपरीवर सांगितलं, न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत कबूल झालेले निम्मे देणगीदार फिरले. वखारवाल्याला मी आठचा तास कबूल करून आणला होता, तो दारातूनच ओरडला, "नको हो मिस्त्री! आधीच गिऱ्हाइकं म्हणतात, आठ हात लाकूड आणि नऊ हात ढलपी. आता चौकात टांगून घेऊ का?" त्याला सहा दिला. सहाबद्दल पोस्टमास्तरांना काही आठवलं नव्हतं, ही त्यांची कृपा.

मग मी दारोदार फिरलो. चहावाला म्हणाला, "तीन तेरा वाजू देत, तीनला माझा चहा खपतो." वकिलांनी पाच घेतला, म्हणाले, धारण बसेल ती समोरच्याची. डॉक्टरांनी सात घेतला, कारण साडेसाती लागलेलीच माणसं त्यांच्याकडे येतात. बारा कोणीच घेईना, तेव्हा तो मंडळाच्या गळ्यात पडला. मंडळाचे बारा तसेही कित्येक वर्षं वाजलेलेच आहेत.

चारचा तास मात्र मी कोणाला दाखवलाही नव्हता. तो मला बाईंसाठी हवा होता. वर्ग चारचा, तिथे 'बाई' एवढी दोन अक्षरं असावीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वर्गातल्या सगळ्यांनी मिळून त्याची वर्गणीही काढली होती. ज्यांना बाईंनी नाव लिहायला शिकवलं त्यांनी बाईंचं नाव लिहावं, हा साधा हिशोब.

आणि थेटरवाला आला.

गावात एकच चित्रपटगृह, ते याचं. हा माणूस आला की आधी अत्तर येतं, मग पोट, मग तो. म्हणाला, "मिस्त्री, चार मला. दुपारचा खेळ चारचा असतो. शिवाय आकडा कसा आहे बघा, चारचौघांतला! यंत्राला जे काही कमी पडेल ते सगळं माझ्याकडून."

मी म्हणालो, "चार गेला."

"कोणाला?"

अध्यक्षांनी मला मंडळाच्या खोलीच्या कोपऱ्यात नेलं. "अहो, त्याच्याशिवाय यंत्र येत नाही. यंत्र नाही तर घड्याळ नाही. घड्याळ नाही तर बाईंचा चार लावणार कुठे, तुमच्या खांबाला?"

त्यांचं बरोबर होतं. बरोबर असलेल्या माणसाचा मला जितका राग येतो तितका चुकलेल्याचा कधी येत नाही.

घरी आलो. बायकोने माझा चेहरा पाहून ताट वाढण्याआधी पाणी दिलं.

"दिला ना चार?"

"दिला."

"मग बाईंना काय राहिलं?"

"आठ."

"आठ वाजता वर्ग असतो का?"

"नसतो."

"आठ वाजता निम्मी दुकानं उघडलेली नसतात आणि निम्मी मिटलेली असतात. तो तास कोणी घेतला नाही म्हणून उरला, तो बाईंना. छान. साऱ्या गावाला तास वाटत हिंडलात, आणि जिच्यासाठी निघालात तिला पातेल्याच्या तळाचं."

मी जेवलो नाही. म्हणजे नंतर जेवलो.

आता रंगाऱ्याची गोष्ट. घड्याळाची पत्र्याची तबकडी मंडळाच्या खोलीत जमिनीवर आडवी ठेवली होती आणि तिच्यावर नावं लिहायची होती. प्रत्येक देणगीदाराला धास्ती, की आपला तास दुसऱ्याच्या नावावर जाईल. विशेषतः थेटरवाल्याला. तेव्हा मीच तोडगा काढला. आमच्या कामात काम समोर बसून करून घ्यायची रीत आहे. म्हटलं, सगळ्यांनी तबकडीभोवती गोल बसावं, आपापल्या तासाच्या जागी. रंगारी प्रत्येकाच्या पुढ्यात त्याचं नाव लिहील. भांडणच नको.

अध्यक्ष मंडळाच्या वतीने बाराच्या जागी बसले. "आता एकवाले, तुम्ही यांच्या उजव्या हाताला," मी म्हणालो. सोनार बसला. "दोनवाले, तुम्ही सोनारांच्या उजव्या हाताला." पहिला शिंपी बसला. असं एकेकाला मी मागच्याच्या उजव्या हाताला बसवत गेलो. उजवा हात शुभ, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. बाई तिथे नव्हत्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून आठच्या जागी त्यांच्या वतीने मी बसलो.

रंगाऱ्याने ब्रश लावला आणि एकच गलका झाला.

"अरे, माझं उलटं लिहितोयस!" अध्यक्ष ओरडले.

"साहेब, तुम्ही वरच्या बाजूला बसलाय. घड्याळ उभं राहिलं की सुलटं दिसेल."

"माझंही उलटं," सोनार म्हणाला.

"वर चढलं की सुलटं होईल."

दहावाला शिंपी मान वाकडी करून बघत राहिला आणि म्हणाला, "मला तर सगळंच उलटं लागल्यासारखं वाटतंय."

"वर चढलं की सुलटं होईल!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो. बिचाऱ्याने मान सरळ केली. त्या खोलीतला तेवढा एकच माणूस बरोबर बोलला, आणि ते त्यालाही माहीत नव्हतं.

मी बोट ठेवून एकेक नाव वाचलं. वकीलमधली 'की' दीर्घ आहे ना, डॉक्टरला चंद्र आहे ना, सगळं तपासलं. रंगाऱ्याने 'शिपी' लिहिलं होतं, मी त्याला अनुस्वार द्यायला लावला. दोन्ही शिंप्यांना. एकही चूक राहिली नाही. म्हणजे अक्षरांत. अक्षरं आल्यापासून माणूस अक्षरंच बघतो.

मग तबकडीवर कापड बांधलं. उद्घाटनापर्यंत कोणी बघायचं नाही असं ठरलं, आणि तशीच ती खांबावर चढली.

उद्घाटन दुपारी चारला ठेवलं, कारण बाई त्याच दिवशी जाणार होत्या. घड्याळ कोणाच्या घड्याळाला मिळवायचं यावरून सकाळी मारामारी व्हायची वेळ आली. शेवटी बाईंच्या मनगटावरचं घड्याळ मागून आणलं आणि त्याच्याबरोबर लावलं. बाईंना संध्याकाळच्या गाडीवर सोडायला थेटरवाल्याने स्वतःची मोटार पाठवली होती. तो मोठेपणा करायचा, पण करायचा हे खरं.

चौक भरला होता. अध्यक्ष भाषण करत होते आणि वर कापडाआड काटे सरकत होते. मी मोटारीजवळ उभा होतो. बाई आत वळकटीला टेकून बसल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, तुमच्यासाठी आठचा तास घेतलाय. चारचा जमला नाही."

"माझ्यासाठी?" बाई म्हणाल्या. "कशाला हो?" आणि पदर नीट करत दुसरीकडे बघू लागल्या.

कापड सुटलं. टाळ्या पडल्या. मग त्या हळूहळू थांबल्या, म्हणजे आधी पुढच्यांच्या, मग मागच्यांच्या.

मोठा काटा वर 'मंडळ' या शब्दावर होता. छोटा काटा उजवीकडे खाली, अगदी चारच्या जागी. आणि तिथे लिहिलं होतं, 'बाई'.

आता जे मला तेव्हा कळलं नाही ते सांगतो. माणसं आत तोंड करून गोल बसली आणि प्रत्येक जण मागच्याच्या उजव्या हाताला बसला, तर ते कडं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. खोटं वाटत असेल तर घरची माणसं बसवून बघा. बारा आणि सहा जागच्या जागी राहिले. एकचा सोनार अकरावर गेला. तीनचा चहावाला नऊवर. थेटरवाल्याचा चार गेला आठवर, आणि कोणीच न घेतलेला आठ येऊन बसला चारवर. दोघा शिंप्यांचीही अदलाबदल झाली, पण दोन्हीकडे 'शिंपी'च असल्यामुळे ती कोणालाच दिसली नाही. आता कोणता शिंपी कोणाचा यावर त्यांचं भांडण चालू आहे, आणि दोघांचं छान चाललंय.

"माझा चार!" थेटरवाला गरजला. अत्तर आधी पोहोचलं, मग पोट, मग तो. "मिस्त्री, ही तुमची करामत! नावं तुम्ही बसवलीत! आत्ताच्या आत्ता उतरवा ते!"

मोटारीचं दार उघडलं. बाई एक हात माझ्या खांद्यावर, एक दारावर ठेवून उतरल्या.

"कोण ओरडतंय?" त्यांनी विचारलं.

थेटरवाला जागच्या जागी थांबला. मला माहीत नव्हतं, पण पहिलीपासून चौथीपर्यंत तो बाईंच्याच वर्गात होता. एवढा मोठा माणूस, पण त्याचा हात आपोआप कानाकडे गेला.

"मी नाही बाई," तो म्हणाला.

"मग काय म्हणत होतास?"

त्याने वर घड्याळाकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. माझा सगळा जीव त्या क्षणी त्याच्या जिभेवर बसला होता. त्याने यंत्राचा भार उचलला होता. तो खरं बोलला असता तर गावातला एकही माणूस त्याला अडवू शकला नसता.

"म्हणत होतो," तो म्हणाला, "छान दिसतंय, नाही का बाई?"

त्याचं हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. लोक त्याच्या अत्तराला हसतात, मीही हसत होतो. आता वास आला की मी आधी नमस्कार करतो.

पुढचंही सांगून टाकतो. काही देणगीदारांनी तबकडी बदलण्याचा अर्ज केला. नगरपालिकेतल्या साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "मंजूर घड्याळ बदलायचं? मग अर्ज पहिल्यापासून." तो अर्ज अजून पहिल्यापासून चालू आहे. या साहेबांना मी मनातल्या मनात जे जे बोललो होतो ते सगळं परत घेतो, बाभळीच्या काट्यांसकट. गाव आता त्याच नावांनी वेळ सांगतं. "थेटरला पाच कमी असताना ये," असं म्हणतात, आणि रात्री आठच्या सुमाराला चित्रपटगृहासमोर खरंच गर्दी असते. रात्रीचा खेळ त्याने आठचा केला. मला भेटला की डोळा मारतो. त्याची पक्की समजूत आहे की मी हे जाणूनबुजून केलं. साऱ्या गावाची आहे. पोस्टमास्तर कुंपणावरून म्हणाले, "मानलं मिस्त्री!" माझ्यावर हुशारीचा आळ जन्मात पहिल्यांदाच आला. मी खूप सांगून पाहिलं की नाही हो, चूक झाली. कोणी ऐकत नाही. घरी सांगितलं, तर ही म्हणाली, "तुमची चूक आहे हे मला सांगायला नको. पण चुका करायच्या तर अशाच करत जा." आणि वाढताना ताटात तूप जरा जास्त पडलं.

असो. त्या दुपारकडे परत येतो. बाई खांबापर्यंत गेल्या. मान वर करून त्यांनी एकेक शब्द वाचला, ओठ हलवत, वह्या तपासताना वाचायच्या तसा. 'वकील' पाशी थांबल्या, 'डॉक्टर' पाशी थांबल्या, दोन्ही शिंप्यांपाशी थांबल्या.

"कोणी तपासलं?"

"मी, बाई."

"शुद्ध आहे," बाई म्हणाल्या. "सगळं शुद्ध आहे."

मग त्यांनी भोवती पाहिलं. गर्दीत वर्गातली सगळी म्हातारी पोरं होती: गिरणीवाल्याची सासू, पंक्चरवाला, दूधवाली मावशी, मी.

"चार वाजलेत ना?" बाई म्हणाल्या.

"हो बाई."

"मग सगळे इथे काय करताय? वर्गात कोण आहे?"

"पण बाई, तुमची गाडी..."

"गाडीला वेळ आहे. चला."

बाई पुढे, लंगडत. त्यांची वळकटी मोटारीतच राहिली. त्यांच्या मागे आम्ही, आणि सर्वांत शेवटी, हात पाठीमागे बांधून, थेटरवाला. गिरणीमागच्या त्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही सगळे एकाच वेळी पोहोचलो.